गाण्याचा सातबारा

आमचे घरमालक तात्या स्वतःच्या घराचीसुद्धा कडी वाजवून आत जात.

मी त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली दुकानासाठी भाड्याने घेतली होती. त्या खोलीची कडी ते वाजवत हे समजण्यासारखं आहे. भाडेकरूशी माणुसकीने वागणारे घरमालक भोरमध्ये अजून एखाद-दोन असतीलही. पण ज्या दारामागे त्यांची बायको जन्मभर त्यांच्यासाठी चहा ठेवत आली, ते दारही ते वाजवत. कडी वाजवायची, एक पाऊल मागे सरायचं, अंग चोरून तिरकं उभं राहायचं आणि विचारायचं, "हाय का कुनी? येऊ का?"

"या की! का वाजंत्री लावू?" काकू आतून ओरडत. त्या 'या' म्हणाल्या की मगच तात्या उंबरा ओलांडत. काकू रागात असल्या की मुद्दाम गप्प बसत आणि तात्या बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहत. एका दिवाळीच्या साफसफाईत भांड्यांच्या आवाजात काकूंना कडी ऐकूच आली नाही, तर तात्या दुपारचं जेवण दिवेलागणीला जेवले. तक्रार काही नाही. "मालकीन हजर न्हवती," एवढंच म्हणाले.

आंबवड्याच्या देवळात ते सोमवारी जात, तिथेही हाच प्रकार. बाकीचे लोक घंटा बडवून थेट गाभाऱ्यापर्यंत घुसतात. तात्या घंटा वाजवून थांबत, पिंडीकडे बघून "येऊ का?" विचारत आणि जणू आतून होकार आल्यासारखी मान हलवून मग पुढे जात. मी एकदा विचारलं, "तात्या, देव नको म्हणाला तर?"

"तर भाईर बसायचं. त्येचं घर हाय, आपलं न्हाई."

ते भोरच्या कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झाले होते. बेलीफ म्हणजे कोर्टाचं समन्स नाहीतर नोटीस घेऊन माणसाच्या दारात जाऊन उभा राहणारा माणूस. भोर आणि वेल्हे मिळून अशी वाडी नसेल जिथे तात्यांना शिव्या बसल्या नव्हत्या. तिरकं उभं राहायची सवय तिथलीच. दार उघडल्यावर आतून काय येईल याचा नेम नसे. कधी तांब्याभर पाणी, तेही प्यायला दिलेलं नव्हे, तोंडावर फेकलेलं. कधी कुत्रं. पानशेतच्या अंगाला एकाने तर त्यांना बघून खुराड्याचं दार उघडलं होतं. "कोंबड्या अंगावर सोडनारा म्या त्यो एकच इसम बगितला," तात्या सांगत, आणि त्या इसमाबद्दल त्यांच्या आवाजात राग नसे, कौतुकच असे.

तरी दाराला कुलूप बघून नोटीस चिकटवायची आणि चालू पडायचं, हे त्यांनी कधी केलं नाही. माणसं शेतावर असली तर पडवीत नाहीतर झाडाखाली बसून राहत. नोटीस हातात पडेपर्यंत त्या घरचं पाणी पीत नसत, आणि पडल्यावर आवर्जून मागून पीत. "आदी पानी प्यालं की जीभ मऊ होती," असं त्यांचं म्हणणं. दुसरं एक वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही पाठ म्हटलं असतं: "न इचारता शिरतो त्यो चोर. इचारून शिरतो त्यो पाव्हना. आन् इचारून, न्हाई म्हनल्यावर बी मागं फिरतो, त्यो मानूस."

गणपतीत मंडळाने कर्णा लावला की तात्या मांडवाबाहेर जाऊन उभे. "इचारलं का?" कार्यकर्ते म्हणत, पोलिसांची परवानगी आहे, हा बघा कागद. तात्या म्हणत, "गानं पोलिसांनी लिवलंय व्हय?" आणि सगळ्यांना कोड्यात टाकून घरी येत.

गल्लीला ते विक्षिप्त वाटत. मला ते गिऱ्हाईक पळवून लावणारे वाटत. मी वेबसाईट बनवते. हॉटेलवाले, नर्सरीवाले, मंगल कार्यालयवाले असं माझं गिऱ्हाईक. त्यातल्या निम्म्यांच्या बापांना तात्यांनी कधी ना कधी समन्स दिलेलं. बोलणं रंगात आलेलं असायचं आणि दारात कडी वाजायची, "येऊ का?" गिऱ्हाईक खुर्चीत आक्रसायचं. एकजण तर मागच्या दाराने गेला आणि पुन्हा आलाच नाही.

तर एका उन्हाळ्यात वेल्ह्याकडून, गुंजवण्याच्या अंगाने, एक महिला बचत गट माझ्याकडे आला. त्यांची जुनी भातखाचरं धरणाच्या पाण्यात गेली होती. वर माळ फोडून त्यांनी नवी खाचरं केली होती आणि त्यातला इंद्रायणी तांदूळ त्यांना वेबसाईटवरून थेट शहरातल्या गिऱ्हाईकाला विकायचा होता. गटाच्या अध्यक्षबाईंचा आवाज असा की चालता ट्रॅक्टर थांबावा. त्या म्हणाल्या, "ताई, पान उगाडलं की गानं वाजलं पायजे. त्या पान्याकडंच्या रिसॉर्टचं वाजतं न्हवं, तसं."

मी त्या दिवसांत गाजत असलेलं एक सिनेमाचं गाणं लावलं. सगळेच लावत होते. चालू करून बघते तोच कडी वाजली.

"येऊ का?"

"या, तात्या."

"ह्ये गानं कुनाचं?"

"सिनेमातलं आहे."

"सिनेमा तुमचा?"

तात्या रागावले की मला 'पोरी' म्हणायचं सोडून 'तुमी' म्हणत. मी म्हटलं, "माझा कसा असेल?"

"मंग इचारलं का?"

"कुणाला विचारणार? सगळेच लावतात."

"सगळेच लावत्यात हा जबाब न्हाई. कोर्टात समदे ह्येच सांगत्यात, सगळेच बांध कोरत्यात, म्हनून आमी कोरला. गान्याचा सातबारा काढा. कुनाचं नाव लागलंय त्ये बगा, आन् मंग लावा."

मी हसले. रात्रंदिवस जमिनीचे तंटे बघितलेला माणूस, त्याला सगळीकडे सातबाराच दिसणार. पण खरंच कुणाचं नाव लागलंय हे मला माहीत नव्हतं. माझी एक मैत्रीण भोरला वकिली करते, तिला जाऊन भेटले. ती म्हणाली, वरातीत बँडवाल्याने वाजवलं तर कायदा डोळेझाक करतो, लग्नकार्याला तशी सूट आहे. धंद्याच्या वेबसाईटला नाही. चार सेकंद वापरलं तर चालतं, ही अफवा. खाली 'हक्क मूळ मालकांचे' असं लिहिलं की आपण सुटलो, हीसुद्धा अफवा. लेखी परवाना पाहिजे, आणि तोही एकाचा नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, आणि ज्या कंपनीने गाणं ध्वनिमुद्रित केलं तिचा वेगळा.

मी येऊन हे सगळं तात्यांना ऐकवलं. ते बोटांवर मोजत होते.

"येवढे वारस? मंग वाटन्या कशा करत्यात?" मग जरा विचार करून, "बारा वर्सं समद्यांनी गायलं तर वहिवाट लागती का न्हाई?"

"नाही लागत. लिहिणारा माणूस गेल्यावरसुद्धा साठ वर्षं त्याच्या वारसांचा हक्क राहतो."

"साठ!" तात्या इतके खूश झाले की जणू ते गाणं त्यांच्याच आजोबांनी लिहिलं होतं. "जिमिनीपरीस भारी हाय की!"

मी कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं. त्यातला आकडा ऐकून अध्यक्षबाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. मग जिथे वेबसाईटसाठी तयार संगीत परवान्यासकट विकत मिळतं, तिथून मी एक बासरी आणली. स्वस्त, कायदेशीर, कुणाची कटकट नाही. गटातल्या बायका दुकानात बसून ऐकायला लागल्या आणि थोड्या वेळाने एकीने गंभीरपणे विचारलं, "कुनाचं मयत हाय?"

बासरी गेली.

मग अध्यक्षबाईंनी मोबाईलवर एक ध्वनिमुद्रण पाठवलं. त्यांच्या वाडीत एक म्हातारी आहे, सगळी वाडी तिला आत्या म्हणते. भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायच्या वेळी, ती स्वतःच्या मनाचं एक गाणं म्हणते. आवणी खालच्या खाचरापासून सुरू व्हायची आणि वर सरकत जायची, त्याच क्रमाने तिच्या गाण्यात खाचरांची नावं येतात. करंजीचं. थोरलं. सवतीचं. रडकं, म्हणजे कितीही लिंपा, ज्याचा बांध गळायचा थांबत नाही ते. एकेका खाचराला ती हाक मारते, एखाद्याला दटावते, एखाद्याची समजूत काढते. त्या सगळ्या खाचरांवर आता धरणाचं पाणी आहे. मी ते गाणं ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. कारागीर बाईच्या हातात अस्सल सोनं यावं तसं झालं मला. लगेच वेबसाईटला जोडलं.

कडी वाजली. "येऊ का?"

"या, तात्या, ऐका! आता कुणाला विचारायला नको. गटातल्याच आत्याचं आहे."

मी बटण दाबणार तोच तात्यांनी हात वर केला. "आत्या हजर हाय का?"

"ती गुंजवण्याला. पण अध्यक्षबाईंनीच पाठवलंय."

"अध्यक्षबाईंनी गायलंय?"

"नाही हो, पण..."

"मंग बंद ऱ्हाऊ द्या. मालकिनीच्या माघारी म्या ऐकनार न्हाई." आणि खरोखर दोन्ही कानांवर हात ठेवून ते बाहेर गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कानांवर हात, भर रस्त्यात. समोरचा वाणी बघतच राहिला.

अध्यक्षबाई फोनवर कडाडल्या, "आमचीच आत्या, तिला काय इचारायचं? आत्या न्हाई म्हननार हाय व्हय?"

पण तात्या म्हणजे घोरपड. नसरापूरला एसटी बदलून, पुढे जीपमध्ये दाटीवाटीने बसून आम्ही दोघं गुंजवण्याकडे गेलो. आत्याच्या दाराशी तात्या तिरके उभे राहिले. "हाय का कुनी? येऊ का?"

आतून एक काटक म्हातारी आली. कपाळावर हात आडवा धरून तिने तात्यांना निरखलं. "बेलीफ न्हवं तुमी? बांधाच्या भांडनात आमच्या धन्याला नोटीस आनली हुती."

"आनली हुती."

"धनी शेतावर हुता, तर तुमी दिसभर बसला हुता पडवीत. पानी बी घेतलं न्हाई."

"व्हय."

"मंग या."

अध्यक्षबाईही येऊन बसल्या. मी वेबसाईट म्हणजे काय ते सांगितलं. आत्या नीट ऐकत होती. म्हणाली, "गानं वाजंल तवा लोकास्नी काय दिसंल?"

"तांदळाची पिशवी दिसेल, आत्या. तुमच्या वाडीच्या तांदळाची."

"वरल्या माळावरच्या?"

"हो."

"मंग न्हाई."

मला वाटलं तिला समजलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, तिने मला हाताने थांबवलं. "करंजीचं, थोरलं, रडकं. ही नावं हायेत त्येच्यात. त्यांचा तांदूळ पान्याखाली हाय. माळावरच्या तांदळाला त्यांचं गानं लावलं तर ती लबाडी झाली. माळावरच्या खाचरांना अजून नावं बी पडली न्हाईत."

"आत्या, कोन बगतंय गं!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"म्या बगती."

मी म्हटलं, खाली तुमचं नाव लिहू. म्हणाली, नाव कशाला, नावं खाचरांची हायेत. अध्यक्षबाई म्हणाल्या, गटाचं भलं होईल. म्हणाली, तांदूळ चांगला हाय, गान्याबिगर इकंल. मी शेवटचं अस्त्र काढलं, की एवढं सुंदर गाणं लोकांपर्यंत पोचायला नको का? ती म्हणाली, "न्हाई." त्या 'न्हाई'त राग नव्हता, संकोच नव्हता. पाट मांडावा तसा तिने तो आमच्यापुढे मांडला.

तात्या उठले आणि त्यांनी हात जोडले. "झालं. चला. आत्या, आता जरा पानी द्या." पाणी पिताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की कुणाला वाटावं, आमचं काम झालंय.

परतीच्या वाटेवर मी फणफणत होते. तिकिटाचे पैसे गेले, एक दिवस गेला, गाणं गेलं, गिऱ्हाईक चिडलं, आणि हा माणूस खुशीत. मी बोलून घेतलं. तुमच्या त्या कडीने माझा धंदा बुडणार, असंही म्हणाले. तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमची पंजी भाटघरच्या धरनात उठली, पोरी. आमची बी खाचरं हुती म्हनं खाली. त्यातल्या एकाचं नाव आज आमच्या घरात कुनाला ठावं न्हाई. म्या लई इचारलं. सांगायला मानूसच ऱ्हायलं न्हाई." मग माझ्याकडे वळून, "हिनं राखल्यात. तिनं राखल्यात तर तिनं ठरवायचं, कुनाला द्याची." भोरला उतरल्यावर मी ते ध्वनिमुद्रण वेबसाईटवरून काढून टाकलं.

वेबसाईट मुकीच लागली. आत्याचं म्हणणं खरं ठरलं, तांदूळ गाण्याशिवायही विकला गेला. अध्यक्षबाईंनी मात्र तात्यांशी बोलणं टाकलं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, एका सकाळी, माझ्या दुकानाची कडी वाजली. दार तर उघडंच होतं. बघते तो आत्या, दाराला तिरकी उभी. "येऊ का?"

पाण्याकडच्या त्या रिसॉर्टच्या वेबसाईटवर तिचं गाणं वाजत होतं. ध्वनिमुद्रण गटातल्या मोबाईलवरून कुणीतरी पुढे पाठवलं, पुढच्याने त्याच्या पुढे, असं करत ते तिथे पोचलं होतं. आत्या दूध घालायला गेली होती, तिथे एकाच्या मोबाईलवर तिने ऐकलं. मी पान उघडलं. उंचावरून घेतलेलं धरणाचं निळं पाणी, बोटी, पोहण्याचा तलाव, हातात ग्लास घेतलेली माणसं, आणि खाली आत्याचा आवाज रडक्या खाचराची समजूत काढत होता.

"माझ्या गान्यावर लोकं पवत्यात," आत्या म्हणाली. "खाचरांवर बोटी फिरत्यात त्ये म्या रोज बगती. त्ये पानी सरकारचं. पन गानं माझं हाय. त्ये काढून द्या मला."

आवाज ऐकून तात्या आले होते. या वेळी त्यांनी कडी वाजवली की नाही, मला आठवत नाही. माझ्या अंगात मात्र काहीतरी पेटलं. ज्या कंपनीच्या यंत्रावर रिसॉर्टची वेबसाईट ठेवलेली होती, तिच्याकडे मी आत्याच्या सहीने तक्रार केली. शब्द यांचे, चाल यांची, आवाज यांचा, परवानगी कुणी मागितलेली नाही, तत्काळ उतरवा. मसुदा वकील मैत्रिणीने नजरेखालून घातला. तात्या म्हणाले, "कागूद जाईल त्येच्या वाटनं. आपन दारात जायाचं."

रिसॉर्टच्या फाटकाशी गेलो. रखवालदार म्हणाला, साहेब पुण्यात असतात. तात्या म्हणाले, बरं, आणि समोरच्या जांभळाखाली बसले. आत्या शेजारी बसली. दुसऱ्या दिवशीही बसले. घोषणा नाहीत, फलक नाही. गाड्यांतून उतरणारे पाहुणे विचारत, हे आजी-आजोबा कोण? रखवालदार घाईघाईने फाटक उघडे. व्यवस्थापकाने चहा पाठवला, तात्यांनी परत पाठवला. पाणीही घेतलं नाही. आत्याला घरी न्यायला म्हणून अध्यक्षबाई तणतणत आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मग पदर खोचून त्याही बसल्या. संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी जांभळाखाली होती.

मालक आला तो कंपनीची नोटीस मोबाईलवर घेऊनच. गाणं उतरवा नाहीतर पान बंद करतो, असं तिच्यात होतं, आणि सुट्ट्यांचा हंगाम सुरू होत होता. तरणा, गोरापान, बोलायला गोड. "अहो आजी, हे लोकगीत आहे. लोकगीत सगळ्यांचं असतं."

"लोक म्हंजे कोन? ह्ये बसल्यात त्ये लोक. इचारा त्यांना, कुनाचं हाय," आत्या म्हणाली.

"आत्याचं!" अध्यक्षबाई अशा ओरडल्या की झाडावरचे पक्षी उडाले.

"बरं, मी तुमचं नाव टाकतो. मानधन देतो."

"नगं."

"मग प्रॉब्लेम काय आहे?" त्याचा गोडवा संपला. "ही गाणी मरायला लागलीयेत. आम्ही ती जगवतोय. तुम्ही गेलात की संपलं ना सगळं."

"मरू दे," आत्या म्हणाली. "माझं हाय. म्या मेल्यावर मरंल. खाचरं जित्ती हुती तवा कुनी जगवायला आलं न्हाई. आता नावं घेऊन पवता व्हय रं?"

तो तात्यांकडे वळला. "आणि तुम्ही कोण यांचे?"

"कुनी न्हाई," तात्या म्हणाले. "बेलीफ. सायेब, तुमी न इचारता शिरला. आता भाईर निगा. लई सोपं हाय."

मी मोबाईलवर तेच पान उघडून आत्याच्या समोर धरलं होतं. त्याने दात ओठ खात कुणाला तरी फोन केला. जरा वेळाने पान पुन्हा उघडलं. निळं पाणी होतं, बोटी होत्या, आवाज नव्हता. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्यासुद्धा, एकटीनेच. तात्या जांभळाला धरून उठले. "सायेब, आता पानी द्या," ते म्हणाले, आणि त्या भल्या माणसाने खरंच आतून बाटली मागवली.

गेल्या थंडीत तात्या गेले. आजारी असे पडले नाहीत. कट्ट्यावर बसले होते, बसल्याजागीच मान कलली. त्या दिवसांत मला दुकानात बसवत नव्हतं. कडी वाजली नाही की तुला काम सुचणार नाही, असं कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दहाव्याला नीरेच्या घाटावर आम्ही जमलो. पिंड मांडला आणि कावळा शिवेना. झाडावर बसून होता, खाली येईना. तात्यांचा मुलगा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. काकू म्हणाल्या, मी औषध वेळेवर घेईन. नाही. ऊन चढायला लागलं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेवढ्यात अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "तात्यांनी आत्याचं गानं कवाच ऐकलं न्हाई वो. त्येच ऱ्हायलं असंल मनात."

खरं होतं ते. मी ऐकलं होतं, रिसॉर्टच्या पाहुण्यांनी ऐकलं होतं, त्यांनी नाही. सगळा घाट आत्याकडे वळला. ती गुंजवण्याहून पहाटेच्या गाडीने आली होती. "म्हना की आत्या, दोन ओळी," कुणीतरी म्हणालं. "एवढं केलं त्यांनी तुमच्यासाठी." दोघा-तिघांचे मोबाईल वर झाले. मलाही वाटत होतं तिने म्हणावं. जीव तोडून वाटत होतं.

आत्या पुढे झाली. पिंडापासून एक पाऊल अलीकडे थांबली, आणि वर झाडाकडे बघून मोठ्याने म्हणाली, "बेलीफ, तुमी कवा मागितलं न्हाई. आन् ही खाचरं नीरेवरची न्हवंत. ऐका. न्हाई!"

कावळा उतरला आणि शिवला.

काकू हसायला लागल्या. त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसत होत्या.